वेग आणि ताबा

या वयात आम्ही व्हिडिओ खेळाविषयी लिहितो म्हणून कोणी हसेल. हसू द्या. अबूधाबीत एका संध्याकाळी आम्ही त्या खेळात हरलो, आणि त्या हरण्यातून जे शिकलो ते घरोघरी सांगावे असे वाटले.

आमचा भाचा अबूधाबीत एका हॉटेलात नोकरीला आहे. मागे त्याच्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे सोबती टीव्हीसमोर बसून मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतात. खेळाचे नाव ‘फोर्झा मोटरस्पोर्ट 6’. तो 2015 साली निघाला, म्हणजे जुनाच. “मामा, एक फेरी तुम्ही मारा,” असे म्हणून त्याने आमच्या हाती बटणांचे यंत्र दिले.

आधी गाडी निवडायची. प्रत्येक गाडीपुढे पाच आकडे दिसतात: वेग, हाताळणी, वेग घेण्याची ताकद, सुरुवातीची झेप आणि ब्रेक. आम्ही फक्त पहिला आकडा पाहिला आणि सगळ्यात वेगवान गाडी उचलली. सरळ रस्त्यावर सर्वांना मागे टाकले. मनात म्हटले, जमले! तेवढ्यात वळण आले. ब्रेक दाबला, पण गाडी वळेचना. ती सरळ कुंपणावर जाऊन आदळली, आणि आमचा नंबर शेवटचा लागला.

“मामा, तुम्ही नुसते इंजिन पाहिलेत. टायर कोणी पाहायचे?” भाचा म्हणाला.

आम्ही हरलो तो रस्ता खराच आहे. भाच्याच्या खोलीपासून मोटारीने थोड्याच अंतरावर, यास बेटावर, यास मरीना नावाची शर्यतीची वाट आहे. तेथे फॉर्म्युला वनची पहिली शर्यत 1 नोव्हेंबर 2009 रोजी झाली. शर्यत दिवस मावळता सुरू होते आणि दिव्यांच्या उजेडात संपते. मूळ वाट 5.554 किलोमीटरची, तिच्यात 21 वळणे. सुमारे 1.2 किलोमीटरचा एक सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना गाडी अगदी मंद करावी लागते. रस्त्याला पकड चांगली असावी म्हणून डांबरात घालायची खडी थेट इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातून आणली होती. वाळवंटाच्या देशाने दगड बाहेरून आणले, यावरूनच पकडीची किंमत कळते.

भाच्याने मग खेळातले गणित समजावले. प्रत्येक गाडीला एक अंक असतो आणि त्यावरून तिचा वर्ग ठरतो. ‘ए’ वर्गाची मर्यादा 700. मोठे इंजिन बसवले की अंक वाढतो. चांगले टायर घातले तरी वाढतो. वजन कमी केले तरी वाढतो. मर्यादा ओलांडली की गाडी वरच्या वर्गात जाते आणि तेथे तिच्याहून दांडग्या गाड्यांशी गाठ पडते. म्हणजे ठरलेल्या पगारात संसार करण्यासारखेच झाले. सगळे पैसे इंजिनावर घातले तर टायरला उरत नाहीत. सगळे टायरवर घातले तर वळणावर गाडी देखणी चालते, पण सरळ पट्ट्यावर बाकीचे शेजारून निघून जातात.

पंखांचेही तसेच. शर्यतीच्या गाडीचा मागचा पंख हवेच्या जोराने गाडीला जमिनीवर दाबतो, म्हणून ती वळणावर घसरत नाही. पण तोच पंख हवेला अडतो आणि सरळ रस्त्यावर वेग खातो. ब्रेकचा हिशेब तर प्रत्येकाने पाठ करावा: वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते.

आता कोणी म्हणेल, मग ताबा पाहिला की झाले. तसेही नाही. 14 नोव्हेंबर 2010 रोजी याच वाटेवर वर्षाची शेवटची शर्यत होती. फेरारीचा फर्नांडो अलोन्सो गुणांत सर्वांच्या पुढे होता. सेबास्टियन व्हेटेल शर्यत जिंकला तरी अलोन्सोला चौथा क्रमांक पुरेसा होता. पण टायर बदलून परतला तो रशियाच्या विताली पेत्रोव्हच्या रेनोमागे. पेत्रोव्हची गाडी सरळ पट्ट्यावर फार चपळ. पुढच्या गाडीने हवा ढवळून ठेवलेली, त्यामुळे मागच्या गाडीचे पंख नीट काम करीत नाहीत आणि वळणावर पकड सुटते. सुमारे चाळीस फेऱ्या अलोन्सो तसाच अडकून राहिला. शेवटी तो सातवा आला. व्हेटेलचे 256 गुण झाले, अलोन्सोचे 252. चार गुणांनी जगज्जेतेपद गेले.

पुढे 2021 साली ही वाट बदलली. ती 5.281 किलोमीटरची झाली आणि वळणे 16 उरली. त्याच वर्षी 12 डिसेंबरला लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन शर्यतीला उभे राहिले तेव्हा दोघांचेही गुण 369.5 होते. हॅमिल्टन पुढे होता, पण त्याचे टायर जुने आणि कडक. व्हर्स्टॅपनने उशिरा नवे, मऊ टायर घातले आणि शेवटच्या फेरीत पाचव्या वळणावर त्याला मागे टाकले. पंचांच्या त्या दिवशीच्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. पण त्या एका फेरीपुरती पकड कोणाच्या टायरात होती, याबद्दल दुमत नाही.

आपल्या बेटावरच्या लोकांना हे नवे वाटू नये. पोर्ट लुईचे शाँ द मार्स मैदान 1812 सालापासूनचे. त्याची फेरी जेमतेम 1,300 मीटरची, वळणे आवळलेली. मोकळ्या मैदानावर वाऱ्यासारखा धावणारा घोडा तेथे वळणावर बाहेर फेकला जातो, हे घोड्यांवर पैसे घालवलेल्या कोणालाही विचारावे. घोडा मैदान पाहून निवडावा, गाडी वाट पाहून.

दुसऱ्या खेपेला आम्ही भाच्याच्या सांगण्याप्रमाणे गाडी घेतली. वेग मधला, हाताळणी आणि ब्रेक जरा वर. सरळ पट्ट्यावर दोघे आमच्या पुढे गेले, आणि पट्टा संपताच त्यांतला एक कुंपणावर गेला. आम्ही तिसरे आलो. पाठीवर थाप मिळाली.

रात्री जेवताना भाच्याने खरी गोष्ट काढली. त्याचा धाकटा भाऊ वाक्वाला असतो. नुकताच गाडी चालवायला शिकला आहे आणि जपानहून आलेली एक जुनी, दांडग्या इंजिनाची गाडी त्याने पाहून ठेवली आहे. पैसे दादाने पाठवायचे. आमच्या बहिणीला मात्र झोप नाही. तिच्या डोळ्यांपुढे शामारेलचा चढउताराचा रस्ता, पाऊस आणि धाकट्याचा पाय दिसतो.

“पैसे पाठवीन,” भाचा म्हणाला, “पण अर्धेच. आधी त्याने लहान इंजिनाची गाडी घ्यावी. चार नवे टायर आणि ब्रेक मी घालून देईन. इथे खेळात गाडी आपटली तर बटण दाबले की पुन्हा सुरुवात होते.”

पुढचे तो बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही. परत आल्यावर हा निरोप आम्ही बहिणीला सांगितला. धाकटा दोन दिवस रुसला होता. तिसऱ्या दिवशी तो टायरचा भाव विचारायला गेला.