विश्लेषण : इंजिन थंड, तरी ‘ओव्हरहीट’चा लाल दिवा! किनारपट्टीवर गाडी खोटा इशारा का देते?

शनिवार-रविवार आला की मांडवा, अलिबाग, काशीद, मुरुड, दिवेआगर या रायगडच्या किनारपट्टीवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. परतीच्या वाटेवर कार्लेखिंडीत किंवा वडखळच्या कोंडीत अचानक डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागतो. इंजिन खरेच तापले आहे की दिवाच खोटा बोलतो आहे? खरा इशारा दुर्लक्षित केला तर हेड गॅस्केट उडते, प्रसंगी इंजिन खोलावे लागते. खोटा इशारा ओळखता आला नाही तर चांगला रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बदलले जातात आणि काही शे रुपयांच्या सेन्सरचा दोष तसाच राहतो.

लाल दिव्याला तापमान कळते कसे?

इंजिनमध्ये फिरणाऱ्या कूलंटमध्ये एक छोटा सेन्सर बुडालेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. हा गुणधर्म मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला होता. साधारण २० अंश सेल्सिअसला या सेन्सरचा रोध दोन-तीन हजार ओहम असतो. इंजिन तापून ९० अंशांजवळ गेले की तो दोन-तीनशे ओहमवर येतो. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, फक्त हा रोध मोजतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही कारणाने रोध कमी झाला तरी ईसीयूच्या लेखी इंजिन ‘तापलेले’च असते.

खारी हवा नेमके काय करते?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि बॉनेटखालच्या वायरींवर, कपलरवर बसतात. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून घेते आणि विरघळते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्तच असते. म्हणजे कपलरवर पाणी पडले नाही तरी त्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होऊ शकतो. कपलरचे रबरी सील फाटले असेल तर हा थर दोन पिनांमध्ये वीज वाहून नेतो. रोध कमी होतो आणि काटा वर जातो.

पिनांवर नुसता गंज चढला तर मात्र उलटे घडते. रोध वाढतो आणि इंजिन आहे त्यापेक्षा थंड दिसते. हा दोष जास्त घातक, कारण इंजिन खरेच तापले तरी इशारा उशिरा मिळतो. वाळूत गाडी घालणे, भरतीच्या पाण्यातून नेणे आणि वॉशिंग सेंटरवर इंजिनवर जोरदार फवारा मारून घेणे, या तिन्ही सवयी या दुखण्याला आमंत्रण देतात.

इशारा खोटा असल्याची लक्षणे कोणती?

वेळ हा सर्वात मोठा पुरावा. कूलंट आणि इंजिनाचा धातू तापायला अवधी लागतो. काटा एका झटक्यात लाल पट्ट्यात गेला आणि तसाच खाली आला, तर दोष बहुधा वायरिंगचा असतो. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चावी फिरवताच लाल दिवा लागला आणि तो विझलाच नाही, तरी संशय सेन्सरवरच. (चावी फिरवल्यावर काही क्षण सगळे दिवे लागतात, ती नेहमीची चाचणी असते.) खड्ड्यात आदळल्यावर, पावसात किंवा गाडी धुतल्यानंतरच दिवा लागत असेल, तर कपलर आणि अर्थिंग आधी तपासावे.

कोणता इशारा खरा मानावा?

कोंडीत दिवा लागतो आणि गाडी वेगात आली की विझतो, तर रेडिएटरचा पंखा बंद असण्याची शक्यता मोठी. चढावर तापमान हळूहळू वाढत असेल, तर कूलंटची पातळी, वॉटर पंप किंवा तुंबलेला रेडिएटर याकडे बोट जाते. वाफ, गोडसर वास, गाडीखाली ओघळ किंवा हीटर लावूनही थंडच हवा येणे, यापैकी काहीही दिसले तर इशारा खराच धरावा.

एक फसवी स्थितीही लक्षात ठेवायला हवी. कूलंट गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि तापलेले इंजिनही ‘थंड’ दाखवू शकतो. त्यामुळे वर गेलेला काटा आपोआप खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये.

रस्त्यात दिवा लागला तर काय करावे?

आधी इशारा खराच आहे असे समजावे. एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत दाब असल्याने कूलंट शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी अंगावर उडते. थंड झाल्यावर टाकीतील पातळी पाहावी. पातळी घसरली असेल तर गाडी चालवण्यापेक्षा टोइंग स्वस्त पडते. अगदीच नाइलाज असेल तर पिण्याचे गोडे पाणी घालावे. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते. त्याने आतून गंज चढतो आणि क्षार साचतात. ठिकाणावर पोहोचल्यावर मिश्रण बदलून घ्यावे.

गॅरेजमध्ये काय तपासून घ्यावे?

सुटे भाग बदलण्याआधी स्कॅनर लावायला सांगावे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत त्यासाठी ओबीडी पोर्ट असतोच. ‘पी०११७’ हा कोड सेन्सरचा रोध अवाजवी कमी असल्याचे सांगतो, तर ‘पी०२१७’ इंजिन प्रत्यक्ष तापल्याचे. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. मोठी तफावत असेल तर सेन्सर संशयित. कपलर काढल्यावर स्कॅनरवर तापमान उणे ४० अंशांच्या आसपास गेले, तर पुढची वायर ठीक आणि दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरमध्ये. तरीही ‘गरम’च दाखवत असेल, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. स्कॅनर सर्व ठीक दाखवतो पण काटा वर, असे असेल तर मीटर किंवा त्याची अर्थिंग पाहावी. काही जुन्या गाड्यांत काट्यासाठी वेगळाच सेन्सर असतो.

दोष कपलरचा निघाला तर क्लीनरने साफ करून, कोरडा करून, सील बदलून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावल्यावर बऱ्याचदा काम भागते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दर पावसाळ्याआधी हे करून घेतलेले बरे. दिवा खोटा होता हे मात्र तपासणीनंतरच म्हणता येते. रस्त्यात असताना तो खराच मानण्यात शहाणपण आहे.