दूध डेअरीला, शुगर घरात

‘आमच्यात शुगर घराण्यातूनच आहे, मॅडम. आजोबांना होती, वडिलांना होती, आता मला. काय करणार?’ माझ्या समोरच्या खुर्चीत बसून हे म्हणणारा माणूस मला रोज भेटतो. मी आहारतज्ज्ञ आहे. हडपसरला माझं छोटं क्लिनिक आहे आणि येणारे बहुतेक जण मधुमेहाचे किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे. तो म्हणतो ते खोटं नाही. पण त्या ‘काय करणार’शी माझं जुनं भांडण आहे.

आधी खरं ते मान्य करू. टाइप 2 मधुमेहात जनुकांचा हात आहेच. टीसीएफसेव्हनएलटू नावाचं एक जनुक आहे. त्याच्या एका विशिष्ट रूपामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी पडतं आणि मधुमेहाची शक्यता वाढते. हे पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांवरही 2007 साली दिसून आलं. ते रूप कुणाला आईकडून मिळतं, कुणाला वडिलांकडून, कुणाला दोघांकडूनही. मिळालं की जन्मभर सोबत. ते काही पथ्याने बदलत नाही.

बदलतं ते वेगळंच. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. सगळ्यांची साखर काठावरची होती. त्यातल्या एका गटाला वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढं नेमून दिलं. नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा या गटात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी निघालं. नंतर याच लोकांची जनुकं तपासली. खोट्या गोळ्यांच्या गटात ज्यांच्याकडे ते धोक्याचं रूप दोन्हीकडून आलेलं होतं, त्यांना मधुमेह जास्त झाला होता. चालणाऱ्या गटात मात्र हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. जनुक तेच, शरीरातही तिथेच, पण त्याचा जोर चालेना. हा निकाल मी कितीतरी जणांना कागदावर काढून दाखवते.

हीच गोष्ट एका अख्ख्या समाजाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती वाचून मला राग आल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात गिला नदीकाठी पिमा नावाचा आदिवासी समाज राहतो. नदीच्या पाण्यावर मका, घेवडा, भोपळा पिकवणारी ही माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं. शेती वाळली. पुढे पिमांच्या ताटात पिकवलेल्या धान्याच्या जागी मैदा, साखर आणि चरबी आली. त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात, मायकोबा नावाच्या गावात, अंगमेहनतीची शेती करत राहिले. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची तपासणी झाली तेव्हा मायकोबात मधुमेह 6.9 टक्के होता आणि ॲरिझोनात 38 टक्के. जनुकं जवळची होती. पाणी मात्र एकांचंच पळवलं गेलं होतं.

वागण्याचंही असंच आहे. ‘हा जन्मापासून खादाड’ असं आपण सहज म्हणून जातो. एफटीओ या जनुकाचं एक रूप दोन्हीकडून मिळालेल्या माणसांचं वजन, ते अजिबात न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोने जास्त भरतं, हे 2007 साली कळलं. या रूपाचा संबंध भुकेशी आहे. अशा माणसाला पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, समोर आलेलं खाल्लं जातं. म्हणजे ज्याला आपण जिभेचे चोचले म्हणतो, त्यातला काही भाग खरोखरच जन्मजात असतो. माझ्याकडे येणाऱ्या जाड मुलांना मी कधी रागवत नाही, ते म्हणूनच. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात एक वेगळी गोष्ट दिसली. 1942 च्या आधी जन्मलेल्यांत हे जनुक आणि वजन यांचा संबंधच सापडत नव्हता. नंतर जन्मलेल्यांत तो ठळक होता. आजूबाजूला खायला मुबलक आलं, अंगमेहनत कमी झाली आणि इतके दिवस गप्प असलेलं जनुक बोलू लागलं. म्हणून ‘यात जनुकांचा वाटा किती टक्के’ असं कुणी विचारलं, तर मी उलट विचारते, कुठल्या काळातल्या, कुठल्या घरातल्या माणसात?

आता आपल्याकडचं. माझ्या मते या विषयातलं फार मोठं काम आपल्या पुण्याजवळच झालेलं आहे आणि पुणेकरांनाच ते फारसं ठाऊक नाही.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमोर एक कोडं होतं. त्यांच्याकडे येणारे मधुमेही लठ्ठ नसायचे, वयानेही लहान असायचे. पाश्चात्त्य पुस्तकांत असा रुग्ण नव्हता. 1993 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या साथीने, पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. दोन हजारांहून अधिक विवाहित बायकांची नोंद दिवस राहण्याआधीपासून ठेवली. या बायकांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्माला आली ती 2.7 किलोची. साउदॅम्प्टनची बाळं होती 3.5 किलोची.

इथपर्यंत नवल नाही. बारीक आयांची बारीक बाळं. नवल पुढे आहे. बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, कातडी अलगद चिमटीत धरतात आणि कॅलिपर लावून तिची जाडी मोजतात. कातडीखाली चरबी किती ते त्यातून कळतं. पुण्याची बाळं स्नायूंनी बारीक होती, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरची ही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून हडकुळं, आतून चरबीचं बाळ. ज्या ठेवणीला आपण चाळिशीतल्या नोकरदाराचं सुटलेलं पोट समजतो, ती पहिल्या दिवसापासूनच तयार होती.

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक जन्मले तेव्हा कमी वजनाचे. हा फरक जनुकांचा, धावण्याचा की आईच्या पोटातल्या नऊ महिन्यांचा? त्या दोघांनीही एका कशाच्या माथी तो मारला नाही. मलाही तो वेगळा काढता येत नाही, आणि काढायची गरजही वाटत नाही.

गर्भातल्या उपासमारीची खूण राहते, याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मनांनी अन्न तोडलं. त्या दुष्काळाच्या सुरुवातीला गर्भात रुजलेल्या माणसांची तपासणी साठ वर्षांनी झाली, तेव्हा त्यांच्या एका जनुकावर मिथाइल नावाचे रासायनिक गट त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळले. जनुकातला मजकूर बदलत नाही, पण हे गट चिकटले की ते जनुक कमी वापरलं जातं, सुटले की जास्त. हे गट शरीर तयार करतं ते फोलेट आणि बी-12 यांच्या मदतीने.

आता पुन्हा त्या सहा गावांत या. तिथल्या गरोदर बायकांपैकी दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-12 कमी होतं. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. आणखी एक गोष्ट सापडली. बाळाचं वजन आईने एकूण किती खाल्लं त्यापेक्षा तिने पालेभाजी, फळं आणि दूधदुभतं किती खाल्लं यावर जास्त अवलंबून होतं.

मेथी, चाकवत, शेपू आपल्याकडे शेतातच असतात. बी-12 मात्र पालेभाजीत नसतं. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मटणात, मासळीत. आणि दूध कुठे जातं? माझं माहेर शिरूरकडचं. पहाटे धार काढून कॅन डेअरीला घालायचा, पोटापुरतं म्हणून तांब्याभर मागे ठेवायचं. त्यातलं आधी चहाला, मग पोरांना, मग पुरुष माणसांच्या ताकाला. रविवारी मटण शिजलं तर रस्सा आणि दोन फोडी शेवटच्या पंगतीला, आणि ती पंगत सुनांची. दिवस गेले की वर सल्ला, ‘जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल.’ हे कुणी दुष्टपणाने करत नव्हतं. माझी आजी तिच्या सुनांशी जशी वागली, तशीच तिची सासू तिच्याशी वागली होती. शुगर घराण्यातून येते ती अशीही येते. रक्तातून येते, आणि पंगतीच्या क्रमातूनही येते.

याज्ञिकांच्या गटाने 2012 मध्ये पुढचं पाऊल उचललं. त्या बाळांची आता वयात आलेली मुलंमुली झाली होती. त्यांना बी-12 च्या गोळ्या सुरू केल्या, लग्नाच्या आणि गरोदरपणाच्या आधीच. दवाखान्यात पोट घेऊन आलेल्या बाईला गोळी देणं म्हणजे उशीर झालेला असतो, कारण गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेतात, आणि पुष्कळदा तिला तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

म्हणून हल्ली शुगरचा रिपोर्ट घेऊन कुणी गृहस्थ आले, की त्यांच्या भाकरी-भाताचं आणि चालण्याचं सगळं लिहून दिल्यावर मी विचारते, घरात मुलगी आहे का? सून? ते चमकतात. ‘शुगर मला आहे, मॅडम.’ मी म्हणते, तुमचं आपण बघतोय ना. पण तिचं बी-12 आणि हिमोग्लोबिन डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. तुमच्याकडे जनावरं असतील तर अर्धा लिटर दूध कमी घाला डेअरीला, आणि ते तिला द्या, चहात नाही, पेल्यात. अंडं चालत असेल तर तेही. आणि पुढच्या वेळी तिला सोबत घेऊन या.