वस्तुचित्रण : निरीक्षणाचे अध्यापन

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी परीक्षेत ‘वस्तुचित्र’, तर इंटरमिजिएट परीक्षेत ‘स्थिरचित्र’ हा विषय असतो. समोर मांडलेल्या वस्तू पाहून रेखाटणे दोहोंतही अपेक्षित आहे.

या विषयातील विद्यार्थ्यांच्या चुकांचे मूळ बहुधा त्यांच्या पूर्वज्ञानात आढळते. गडव्याचे तोंड गोल असते हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. म्हणून तो पूर्ण वर्तुळ काढतो. गडवा सपाट जमिनीवर टेकलेला असतो, हेही ठाऊक असते. म्हणून बूड सरळ रेषेने संपवितो. वस्तुतः नेत्रपातळीखालील आडवे वर्तुळ लंबवर्तुळाकार दिसते आणि ते जितके खाली, तितके अधिक उघडे दिसते. त्यामुळे बुडाचे लंबवर्तुळ रुंदीच्या मानाने तोंडापेक्षा अधिक फुगीर असावे लागते. शिक्षकाने गडवा हळूहळू वर उचलून तोंड डोळ्यांच्या रेषेत आणल्यास त्या लंबवर्तुळाची केवळ एक आडवी रेघ उरते. फळ्यावरील तासभराच्या विवेचनापेक्षा हे प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरते.

प्रमाणासाठी हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेण्याची रीत सर्वपरिचित आहे. कोपर वाकले की माप फसते.

वाशीम जिल्ह्यात साधनांची वाण नाही. गुंड, गडवा, सूप, टोपली या वस्तू अद्यापि अनेक घरांत आहेत. उणीव आहे ती पाहण्यास दिलेल्या वेळेची. इंटरमिजिएट उत्तीर्णास दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून मार्गदर्शिकेतील तयार चित्रे गिरविण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होते. परंतु वर्गातील प्रत्येक बैठकीवरून गडवा निराळा दिसतो. चाळीस विद्यार्थ्यांची चित्रे एकसारखी आली, तर त्यांपैकी बहुतेकांनी गडवा पाहिलेलाच नाही, असेच म्हणावे लागेल.

येथे एक स्थानिक संदर्भ नोंदविण्याजोगा आहे. वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे लेणे क्र. १६ दान दिले. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. अनुकृती त्याज्य नव्हे. मात्र त्या विद्यार्थ्यांना भिंतीसमोर बसून पाहावे लागले होते.

मूल्यमापनात एक साधा बदल शक्य आहे. पहिले रेखाटन होताच विद्यार्थ्यांच्या जागा बदलून त्याच वस्तुसमूहाचे दुसरे रेखाटन घ्यावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत.