घरून काम केलं म्हणजे धूर वाचलाच का?

मार्च २०२०च्या टाळेबंदीत पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कातली कितीतरी मुलं बारामती-इंदापूर भागातल्या आपापल्या गावी परतली आणि उसाच्या पट्ट्यात बसून कंपनीचं काम करू लागली. घरून काम म्हणजे पर्यावरणाचा फायदाच, हा समज तेव्हापासून घट्ट झाला आहे. तो अर्धाच खरा आहे.

गैरसमज: गाडी निघाली नाही, म्हणजे प्रदूषण झालं नाही.

वाकडहून हिंजवडीला दुचाकीने जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर धरले, तर अर्धा लिटर पेट्रोलही लागत नाही. त्यातून निघतो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो. लॅपटॉपला दिवसाला अर्धा युनिटही लागत नाही. दीड टनी एसी मात्र आठ तासांत आठ युनिट सहज ओढतो. म्हणजे साडेपाच किलो! पंख्यावर भागवणाऱ्याने धूर वाचवला, एसी लावणाऱ्याने वाढवला.

गैरसमज: दोन दिवस ऑफिस, बाकी गाव, हा उत्तम मध्यममार्ग.

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याहून नीरा, जेजुरी, सासवडमार्गे हिंजवडी शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. एकट्याने मोटारीने आठवड्याला जाऊन-येऊन एक फेरी केली, तरी तेरा-चौदा लिटर पेट्रोल, म्हणजे तीस किलो कार्बन. वाकडला राहून पाचही दिवस दुचाकीने गेलं, तर पाच किलो. हीच फेरी एसटीने किंवा नीरा स्टेशनावरून रेल्वेने केली, तर चित्र पालटतं.

कॉर्नेल विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अमेरिकेतला हिशेब मांडला. पूर्णवेळ घरून काम केलं तर कार्बन ५४ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, आठवड्यात एकच दिवस घरी राहिल्यास जेमतेम २ टक्के. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असल्या, तरी ऑफिसचे दिवे आणि एसी चालूच राहतात.

व्हिडिओ मीटिंगच्या प्रदूषणाची भीती मात्र फुगवलेली आहे. तासभर व्हिडिओ पाहण्याचा भार ग्रॅमांत मोजावा लागतो.

गावाकडे मोठी सोय छपराची. तीन किलोवॅटचा सौर संच दिवसाला बाराएक युनिट देतो, तेही ऐन कामाच्या वेळेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. कंपन्यांनी ऑफिसचे दोन दिवस सलग ठेवले, तर गावाकडच्यांना एकच फेरी पडेल आणि उरलेल्या दिवशी अख्खा मजला बंद ठेवता येईल.