फुफूच्या घरी, सावकाश

फजर अदा करून पनवेलहून निघालो. राष्ट्रीय महामार्ग 66 धरून चिपळूणला, अब्बांच्या थोरल्या बहिणीकडे. गेल्या खेपेला गाडी नुसती पळवली होती. पोहोचलो तेव्हा मुलं रडवेली, अब्बांचे गुडघे आखडलेले. या वेळी मात्र वाटेत थांबत गेलो. कोलाडला डबा उघडला. कशेडीचा बोगदा आला तसे अब्बा बोलू लागले. पूर्वी वरच्या घाटात एसटी बंद पडली, तेव्हा फुफूने स्वतःची भाकरी त्यांना दिली होती. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! खेडला जोहरची जमात होऊन गेली होती. आम्ही चारऐवजी दोन रकात कसर पढलो. मुसाफिराची ही सवलत मुलांना तिथेच कळली.

फुफूला आता नीट दिसत नाही. तिने अब्बांचा हात चाचपला नि विचारलं, "जेवलास का रे?"