चांदोली : उठलेल्या गावांच्या वाटा

शिराळा तालुक्यात लोहमार्ग कधी आला नाही. त्यामुळे रूळ काढल्यावर उरलेल्या भरावावरून पायवाट किंवा सायकलवाट नेण्याची, अमेरिकेत व युरोपात रुळलेली पद्धत येथे शोधणे व्यर्थ आहे. मात्र ज्यांच्यासाठी रस्ता झाला ती वर्दळ संपल्यावर तो निव्वळ भटकणाऱ्यांच्या वाट्याला यावा, असा प्रकार तालुक्याच्या पश्चिम टोकाला, वारणेच्या खोऱ्यात घडला आहे.

वारणा प्रचितगड किल्ल्याच्या परिसरात उगम पावते, पुढे बरेच अंतर सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. तिच्यावरील चांदोली धरणाच्या जलाशयाला वसंतसागर म्हणतात. त्याची साठवणक्षमता ३४.४० टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, आहे. हे धरण आणि १९८५ चे अभयारण्य यांच्यामुळे झोळंबी, गोठणे, निवळे अशी गावे उठली. २००४ मध्ये अभयारण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. गावकरी खाली पुनर्वसित झाले, त्यांची भातखाचरे गवताखाली गेली आणि तेथे आता गवे चरतात. घरांची जोती व परसातले आंबे-फणस मात्र वस्तीची खूण सांगतात. परदेशी लोहमार्ग बहुधा वाहतूक आटल्याने ओस पडले, इथली माणसे मात्र हलवली गेली, हा फरक या गावांच्या जुन्या वाटांना नुसते ‘निसर्गरम्य’ म्हणताना लक्षात ठेवावा लागतो.

लोहमार्गाचा चढ सौम्य असतो, म्हणूनच तो सायकलस्वाराला मानवतो; बैलाच्या ताकदीला जपून काढलेला इथला जुना गाडीरस्ताही, पुष्कळ वळणे घेत का होईना, तसाच चढतो. या वाटांवरचा झोळंबीचा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पातळ मातीचे पठार, पावसानंतर रानफुलांनी भरतो. याउलट प्रचितगडावरून कोकणातील शृंगारपुराकडे उतरणारी वाट इतकी उभी आहे की तेथे सायकलीचा विचारही करू नये.

उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि पावसाळ्यात ते बंद असते; वाघाच्या क्षेत्रात ही शिस्त योग्यच आहे. सायकलीसाठी धरणाखालचा, कोकरूड, चरण, आरळा या गावांवरून वारणेच्या खोऱ्यातून जाणारा रस्ता अधिक सोयीचा ठरतो.