खुब्याचा सांधा बदलायचाय? 'कोटिंगवाला' की 'सिमेंटवाला', आधी हे समजून घ्या

जळगाव/धुळे : म्हातारं माणूस ओट्यावरून पाय घसरून पडतं, खुब्याचं हाड मोडतं. दवाखान्यात विचारतात, सांधा सिमेंटवाला बसवायचा की बिनसिमेंटचा कोटिंगवाला? कोटिंगवाला बहुतेक वेळा महाग, म्हणून तोच भारी, असं नातेवाइकांना वाटतं. पण दरवेळी तसं नसतं.

कोटिंग म्हणजे नेमकं काय?
बिनसिमेंटच्या सांध्याचा दांडा बहुधा टायटॅनियमचा असतो. गुळगुळीत कॉलमवर प्लास्टर टिकत नाही, म्हणून गवंडी आधी टाचे मारतो. तसंच दांड्याचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा पांढरा थर देतात. हा कॅल्शियम-फॉस्फेटचा प्रकार आपल्या हाडातल्या खनिजासारखाच असतो. त्यामुळे हाड त्याला परकं मानत नाही, थेट त्यावर वाढतं आणि दांडा पकडतं.

थर चढवतात कसा?
आर्गॉनसारख्या वायूतून विजेची ठिणगी सोडली की 10,000 अंश सेल्सिअसहून जास्त तापमानाची ज्योत तयार होते. तिला प्लाझ्मा म्हणतात. त्यात टाकलेली पूड वितळून वेगाने दांड्यावर आदळते आणि तिथेच गोठते. थराची जाडी साधारण 50 ते 200 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. पूड जास्त तापली तर तिची रचना बिघडते आणि थर शरीरात लवकर विरघळतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. लंडनचे सर्जन रोनाल्ड फर्लाँग यांनी 1985 मध्ये असा सांधा वापरायला सुरुवात केली.

मग कुणाला कोणता?
वय कमी, हाड मजबूत असेल तर कोटिंगवाला उपयोगी पडतो. पण हा दांडा हाडात घट्ट ठोकून बसवावा लागतो. ठिसूळ झालेलं हाड त्यात तडकू शकतं. म्हणून खुबा मोडलेल्या वयस्कर रुग्णांसाठी डॉक्टर अनेकदा सिमेंटवाला सुचवतात. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं. तेव्हा डॉक्टरांनी सिमेंट सांगितलं म्हणजे स्वस्तात भागवलं, असं समजू नका. "आमच्या आईच्या हाडाला कोणता योग्य आणि का?" असं सरळ विचारा.

स्टिकर जपून ठेवा
सांध्याच्या खोक्यात कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर लिहिलेले स्टिकर असतात. त्यातला एक मागून घ्या, डिस्चार्ज कार्डावर चिकटवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. डीप्यू कंपनीने 'एएसआर' नावाचा खुब्याचा सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला. दोष कोटिंगचा नव्हता. धातूवर धातू घासून त्याचे कण शरीरात जात होते. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने पुढे किमान 20 लाख रुपये भरपाईची शिफारस केली, पण भारतातल्या अनेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. अंगात कोणता सांधा आहे हे सांगणारा कागद हाती असेल, तर अशा वेळी तोच कामी येतो.